ढिगाकडे पाठ

नाना आमच्या शेजारी राहायला आले त्याच्या पहिल्याच आठवड्यात मी त्यांच्याशी भांडले. कारण अगदी साधं होतं. त्यांच्या कडुनिंबाचा पाला उडून माझ्या अंगणात येत होता. मी रावेरकडची, केळीवाल्यांच्या घरातली मुलगी. आमच्याकडे अंगण झाडून सडा पडल्याशिवाय कोणी चहाला हात लावत नाही. जळगावात येऊन तीस वर्षं झाली, पोरं शिकून बाहेर गेली, पण माझ्या हातातला झाडू काही सुटला नाही. तुळशीपाशी पसरलेला तो पाला बघून माझं डोकंच फिरलं. सगळा सुपलीत भरला, कुंपणापाशी गेले आणि म्हटलं, "अहो, हा तुमचा कचरा जरा आवरा की!"

पलीकडे प्लास्टिकच्या खुर्चीत एक उंच, वाळकेसे गृहस्थ बसले होते. ते उठून आले, सुपलीतला पाला बोटाने चिवडून बघितला आणि म्हणाले, "माय, ह्याले कचरा नको म्हनू. तुले नको व्हई तं परत दे." आणि खरोखर ओंजळ पुढे केली. मी भांडायला गेले होते, मुकाट्याने सुपली रिकामी करून परत आले.

नाना मूळचे धुळ्याकडचे. बोलणं अस्सल खानदेशी. रागावले की मात्र ऑफिसातली मराठी काढायचे, तेवढ्यावरून अक्कांना, म्हणजे त्यांच्या बायकोला, कळायचं की आज प्रकरण गंभीर आहे. सगळी नोकरी ठिबक सिंचनाच्या कंपनीत गेलेली. केळीच्या, कपाशीच्या शेतांत नळ्या अंथरायच्या, कोणत्या झाडाला किती वेळ थेंब पडायचे ते ठरवायचं. त्यामुळे मनगटावरचं घड्याळ दर पाच मिनिटांनी बघायची सवय. कुठे जायचं नसलं तरी बघायचे.

त्या घराचे आधीचे मालक हौशी होते. पुढे हिरवंगार लॉन, कडेने रंगीत क्रोटन, फाटकाशी दोन बॉटल पाम. कॉलनीतल्या बायका त्या लॉनसमोर उभ्या राहून फोटो काढायच्या. नानांनी चार महिन्यांत ते लॉन उखडलं. तिथे काय लावलं? रुई! तरवड, निरगुडी, अडुळसा, बोर, भोकर. एका कोपऱ्यात अंजन, सातपुड्यात डोंगरावर वाढतो तो. रस्त्याकडेला गाडीतून बघायची झाडं या माणसाने चांगल्या घरासमोर आणून लावली. बरं, ठिबकवाल्या माणसाच्या बागेत ठिबकची एक नळी नाही. पहिली दोन वर्षं झारीने पाणी घातलं, मग तेही बंद.

मी विचारलं, "नाना, आयुष्यभर लोकांच्या झाडांना पाणी पाजलं, स्वतःच्या झाडांना का नाही?"

"ज्याले रोज पाजनं पडस, ते आठलं नही," नाना म्हणाले. "हाई बठ्ठं आठलं शे." म्हणजे हे सगळं इथलं, याच मातीतलं.

आता फाटकाशी रुई म्हटल्यावर दर शनिवारी मारुतीच्या माळेसाठी पानं मागायला लोक यायचे. नाना कोणाला नाही म्हणायचे नाहीत, पण प्रत्येक पान उलटं करून बघायला लावायचे. खाली फुलपाखराचं अंडं असलं की ते पान मारुतीलाही मिळायचं नाही. एकदा आमच्या कॉलनीचे अध्यक्ष पाटील आबा वैतागून म्हणाले, "नाना, देवाचं काम आहे!" नाना शांतपणे म्हणाले, "देवाले एकवीस पानं लागतस. अळीले हे एकच." आबा माळ वीस पानांची करून घेऊन गेले, आणि पुढचा आठवडाभर आपल्याला काही होतं की काय म्हणून जपून राहिले.

कढीपत्त्याची तर आणखी मजा. नानांकडे माणूसभर उंच कढीपत्ता. त्यावर दर वर्षी त्या चिमणीच्या शिटेसारख्या दिसणाऱ्या अळ्या यायच्या. नाना ठिबकच्या नळीचे काळे तुकडे कापून अळ्यांच्या फांद्यांना बांधायचे, म्हणजे ती फांदी राखीव. होता होता सगळंच झाड राखीव झालं. मग अक्का कुंपणापाशी येऊन हळूच हाक मारायच्या, "सुलभा, दोन काड्या कढीपत्ता दे गं. आमच्याकडे पाहुणे जेवायला बसलेत." घरात झाड असून शेजारी कढीपत्ता मागणारं हे एकच घर मी पाहिलं. अक्का चिडायच्या का? खूप चिडायच्या. पण एखादं फुलपाखरू कोशातून निघून पंख वाळवत बसलं की फोडणी करपू देऊन बघायला पळायच्या त्याच.

आणि मग तो ढीग.

बागेच्या मागच्या कोपऱ्यात नानांनी काड्यांचा ढीग घातला होता. खाली निंबाचे ओंडके, त्यावर बोरीच्या फांद्या, वर बारीक काड्या. कंबरेएवढा, खाटेएवढा रुंद. मला वाटलं, सरपण असेल. नाना म्हणाले, "घर शे."

"कोणाचं?"

"मुंगसाचं."

मुंगूस पाहिलं होतं का त्यांनी? नाही! कॉलनीत कोणीच पाहिलं नव्हतं. नानांनी पाहिलेले होते फक्त पाय. ढिगाच्या तोंडाशी रोज संध्याकाळी रांगोळी चाळून पसरायचे आणि सकाळी चष्मा नाकावर ओढून, हातापायांवर ओणवे होऊन त्यावरचे ठसे बघायचे. ही रांगोळीसुद्धा माझ्याकडूनच न्यायचे. एकदा गॅसचं सिलिंडर द्यायला आलेल्या माणसाने तो पांढरा पट्टा आणि त्यापुढे डोकं टेकवलेले नाना पाहिले. सिलिंडर फाटकातच ठेवून तो जो गेला, तो पुन्हा म्हणून आत आला नाही. पुढे अक्का दर वेळी सिलिंडर गडगडत आत न्यायच्या आणि सबंध वाटभर नानांचा उद्धार करायच्या.

पण सगळ्यावर कडी म्हणजे नाना त्या ढिगाकडे पाठ करून बसायचे. रोज दुपारी चारला खुर्ची बाहेर यायची, ढिगापासून सात-आठ हातांवर ठेवली जायची आणि नाना रस्त्याकडे तोंड करून बसायचे. मधे मातीचा एक परळ, पाण्याने भरलेला. मी म्हणायचे, "अहो, पाठ करून बसल्यावर मुंगूस दिसणार कसं?"

"तोंड करीसन बसनं की त्याले वाटस, हाऊ धराले बसेल शे. पहिले येऊ दे. मंग देखसूत."

"आरसा घ्या हातात," अक्का आतून ओरडायच्या.

अशी तीन वर्षं गेली. मग अक्कांचे गुडघे फारच धरले आणि धुळ्याच्या लेकीने हट्ट धरला, की आता दोघांनी आमच्याकडेच राहायचं. लिफ्ट आहे, दवाखाना जवळ आहे, बस झालं ते जंगल. ठरलं. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली की निघायचं. खानदेशात लेकी आखाजीला माहेरी येतात. इथे आखाजी करून आईबाप लेकीकडे निघाले होते.

नानांनी तक्रार केली नाही. फक्त एकदा कुंपणापाशी मला म्हणाले, "बठ्ठं सोडीसन जाता येई माय. पन ते एकदाव देखाले जोयजे व्हतं." इतक्या वर्षांत या माणसाने स्वतःसाठी काही मागितलेलं मी ऐकलं नव्हतं. आणि मागितलं काय, तर ते मुंगूस एकदा बघायला.

त्यात कॉलनीची मीटिंग झाली. पाटील आबांनी विषय काढला, की नाना गेल्यावर त्या ढिगात साप होतील, तो काढून टाकावा. नाना उभे राहिले आणि चक्क ऑफिसच्या मराठीत बोलले, म्हणजे अक्कांनी लगेच डोक्याला हात लावला. "तिथे मुंगूस वास्तव्यास आहे. मुंगूस असताना सापाची चिंता करण्याचं कारण नाही."

"पाहिलं का कोणी?" आबा म्हणाले.

नानांची मराठी तिथेच संपली. "म्या बी नही देखं," ते म्हणाले आणि खाली बसले. लोक हसले. मीही हसले, खोटं कशाला सांगू? नाना असेपर्यंत ढीग राहू द्यावा आणि नंतर बघावं, असं ठरलं.

आता माझ्या पापाकडे येते.

जानेवारीत कॉलनीची भरीत पार्टी असते. बामणोदची ती मोठाली, पांढुरकी हिरवी वांगी, कपाशीच्या काड्यांवर भाजायची, सोलायची, लाकडी बडगीत ठेचायची, वर मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात. सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या. त्या वर्षी पार्टी नानांच्या घरामागच्या मोकळ्या प्लॉटवर होती, त्यांना निरोप म्हणूनच. फोडणी नानांची. तेलात मिरची कधी टाकायची तेसुद्धा ते घड्याळ बघून ठरवायचे. चाळीस माणसं, दीड पोतं वांगी, आणि अर्धी वांगी भाजून होतात न होतात तोच काड्या संपल्या. नाना शेंगदाणे आणायला घरात गेलेले. पुरुषमंडळी एकमेकांच्या तोंडाकडे बघत उभी. माझ्या पुऱ्या गार होत होत्या. मी फटकन म्हटलं, "अहो, बघता काय? नानांच्या ढिगातल्या घ्या ना चार काड्या! तेवढ्याने काय होतंय?"

सगळ्यांना तेवढंच हवं होतं. दोघं-तिघं कुंपणावरून वाकले, कवेत मावतील तेवढ्या ओढल्या, जाळावर टाकल्या, परत गेले. काड्या कडकडीत वाळलेल्या, काय सुरेख पेटल्या! तिसऱ्या खेपेला बोरीची एक मोठी फांदी ओढली आणि ढिगातून काहीतरी करडं सुटलं. कुंपणाखालून आलं, सतरंजीवरून गेलं, पाटील आबांच्या खुर्चीखालून गेलं, पुऱ्यांच्या परातीला वळसा घालून माझ्या अंगणातून पार दिसेनासं झालं. बायका किंचाळल्या. आबा खुर्चीवर उभे राहिले. चाळीस माणसं एका आवाजात ओरडली, "मुंगूस!"

त्याच वेळी नाना शेंगदाण्याचा डबा घेऊन बाहेर आले.

"कोठे?" त्यांचं तोंड असं उजळलं की काय सांगू. "कोठे शे?"

मग नानांना जाळ दिसला, जाळातली बोरीची फांदी दिसली, आणि कुंपणापलीकडे अर्धा उरलेला ढीग. डबा तसाच हातात. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मी म्हटलं, "नाना, मीच सांगितलं घ्यायला."

नानांनी डबा खाली ठेवून चौकशीच सुरू केली. "केवढं व्हतं? शेपटीचं टोक कसं? काळं का फिकं?" एकाने हात मांजराएवढा केला, दुसऱ्याने कुत्र्याएवढा. आबा अजून खुर्चीवरच होते, ते म्हणाले, "काळं. मी स्वतः बघितलं, काळं कुळकुळीत." आबांचे डोळे तर मिटलेले होते, मी पाहिलं होतं. चाळीस माणसांनी ते मुंगूस पाहिलं, आणि ज्याने तीन वर्षं वाट पाहिली तो एकटा शेंगदाणे शोधत राहिला.

फोडणी मात्र त्यांनीच दिली. सगळ्यांना वाढल्यावर स्वतः एक घास घेतला आणि म्हणाले, "भरीत चांगलं व्हयनं. मुंगसाना घरना धूर लागना ना." लोक हसावं की नाही या विचारात.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांनी त्यांच्या जामनेरच्या शेतातून ट्रॅक्टरभर कपाशीच्या काड्या आणून नानांच्या दारात उभ्या केल्या. काल खुर्चीवर चढलेला माणूस आज छाती पुढे काढून उभा. नानांनी एक काडी मोडली, हुंगली आणि परत ट्रॉलीत टाकली. "फवारेल शे. वर बोंडअळी बी व्हई. नको."

आबा लालबुंद झाले. मला वाटलं, आता जुंपणार. पण आबा ट्रॅक्टर परत पाठवून, लुंगी खोचून म्हणाले, "मग काय पाहिजे ते बोला."

पुढचे दोन रविवार अख्खी कॉलनी काड्या वेचत होती. बोर, बाभूळ, निंब, कुणाच्या शेताच्या बांधावरची हिवराची खोडं. आबांच्या हातात इतके काटे गेले की मी सुई घेऊन त्यांच्यासमोर तासभर बसले. नाना खुर्चीतून हुकूम सोडायचे: जाड खाली, बारीक वर, मधे पोकळी ठेवा, दाबू नका, हा काही गोठ्यातला चारा नाही. शेवटी घरातून चार इंची पाइपचा एक तुकडा आणून ढिगाच्या तळाशी तिरका बसवला. हा दरवाजा. पाइपवाल्याने बांधलेल्या घराला पाइप तर पाहिजेच, असं अक्का म्हणाल्या.

मग वाट बघणं सुरू झालं, आणि आता नाना एकटे वाट बघत नव्हते. सकाळी दूध आणायला निघालेला प्रत्येक जण फाटकात थांबून विचारायचा, "नाना, आज काय?" रांगोळीवर मांजर उठलं. साळुंकी उठली. एकदा बेडूक. फेब्रुवारी गेला, होळी गेली. मुंगसाचा पत्ता नाही. मी रोज देवापुढे दिवा लावताना त्या मुंगसाचं नाव घ्यायला लागले. माझ्या घरात हे कोणाला ठाऊक नाही. घरातलं सामान खोक्यांत जाऊ लागलं. आखाजीच्या दुसऱ्या दिवशीचा टेम्पो ठरला.

आखाजीला दुपारी चारला मी सांजोऱ्यांचं ताट घेऊन गेले. ऊन असं की डोळे उघडवेनात. सकाळी पितरांची घागर पुजून झाली होती, आंब्याचा रस खाऊन अक्का आत आडव्या झाल्या होत्या. नाना नेहमीसारखे खुर्चीत, ढिगाकडे पाठ, परळ काठोकाठ भरलेला. मी समोर पायरीवर बसले, त्यांच्याकडे तोंड करून. सांजोरी हातात घेत नाना विचारत होते, की धुळ्याच्या गॅलरीत रुईची कुंडी मावेल का. मी उत्तर द्यायला मान वर केली, आणि त्यांच्या खांद्यावरून मला पाइपच्या तोंडात एक नाक दिसलं.

नाक बाहेर आलं, मग डोकं, मग सगळं अंग. ते थांबलं, वास घेतला आणि सरळ परळाकडे चालत आलं. मागून दोन पिल्लं.

"नाना," मी ओठ न हलवता म्हटलं, "आलंय."

नानांचे हात खुर्चीवर आवळले. "कोठे?"

"तुमच्या मागे. परळापाशी. वळा ना हळूच."

त्यांच्या मानेची शीर तटतटलेली मला दिसत होती. वळतील, आता वळतील, असं वाटत होतं. मला तर ओरडून सांगावंसं वाटत होतं, अहो बघा, उद्या टेम्पो आहे!

"नको," नाना म्हणाले. "पयी जाई."

"मी ताट तिरकं धरू का? त्यात दिसेल."

"चकाकस ते. ठेव खाली." मग जरा वेळाने, "एकलंच शे?"

"दोन पिल्लं आहेत."

नानांनी डोळे मिटले. "पानी पी ऱ्हायनं?"

"हो. मोठं पितंय. एक पिल्लू परळात पाय घालून उभं आहे. दुसरं त्याला ढकलतंय."

"शेपटीचं टोक?"

मी नीट बघितलं. "फिकं. पिवळसर."

"मंग आबाले चष्मा बदलाले सांग," नाना म्हणाले. ते हसत होते आणि मिटलेल्या डोळ्यांतून पाणी गालांवर उतरत होतं. मी पदर तोंडाशी धरला, माझा आवाज निघू नये म्हणून. तिघंही पोटभर पाणी प्यायले, जराशी मस्ती केली आणि एकामागून एक पाइपमध्ये गेले.

"गयं?"

"गेलं. आत गेलं."

मग नाना वळले. परळाभोवतीच्या फरशीवर ओल्या पायांचे ठसे होते, एक मोठी रांग आणि तिच्या आजूबाजूला बारीक बारीक. रांगोळी नाही, काही नाही, नुसतं पाणी. नाना गुडघ्यांवर बसले, चष्मा नाकावर ओढला आणि उन्हात ते ठसे वाळून जाईपर्यंत बघत राहिले. नंतर घड्याळ बघितलं आणि अक्कांना चहा ठेवायला हाक मारली.

दुसऱ्या दिवशी टेम्पो निघाला तेव्हा सगळी कॉलनी रस्त्यावर होती. घराची किल्ली माझ्याकडे, ढिगाची जबाबदारी आबांनी आपण होऊन घेतलेली. अक्का खिडकीतून निम्म्या बाहेर येऊन रडत रडत हात हलवत होत्या. नाना त्यांच्यापलीकडे ताठ बसले होते. सामानाच्या फटीतून, मागच्या काचेत त्यांचं पांढरं डोकं वळणापर्यंत दिसत राहिलं. ते एकदाही फिरलं नाही.

"बघा," आबा खट्टू होऊन म्हणाले, "वळूनसुद्धा पाहिलं नाही."

मी म्हटलं, "आबा, नाना पाठ कोणाकडे करतात ते विसरलात का?"

आबा फाटक उघडून आत गेले, परळ भरला, नानांनी मागे ठेवलेली खुर्ची उचलून ढिगाकडे पाठ करून मांडली आणि बसले.